पडद्यावर हाताला न लागलेली प्लीहा: महासाथीतील ऑनलाइन वैद्यकीय शिक्षणाचा राहिलेला हिशेब

धागाकर्ते: अर्धशिशी

मी महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयात गेली बावीस वर्षे मेडिसिन हा विषय शिकवतो. २०२२ सालच्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात हिवतापाचा एक रुग्ण दाखल होता आणि त्याची प्लीहा (स्प्लीन) बरगडीखाली चांगली तीन बोटे उतरलेली होती. शेजारी उभ्या असलेल्या इंटर्न मुलाला मी पोट तपासायला सांगितले. त्याने हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला, दोनदा दाबून पाहिले आणि काहीच लागत नसल्याचे सांगितले. प्लीहा वाढण्याची कारणे विचारली तेव्हा मात्र त्याने न अडखळता चौदा कारणे सांगितली, तीही वर्गवारी करून.

वैद्यकाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. प्लीहा वाढते ती डाव्या बरगडीखालून तिरकी, बेंबीच्या दिशेने, आणि फार वाढली तर उजव्या ओटीपोटापर्यंत पोचते. म्हणून तपासणाऱ्याने हात उजवीकडे खाली ठेवून सुरुवात करायची असते, रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे असते आणि प्रत्येक श्वासागणिक बोटे थोडी थोडी वर सरकवायची असतात. श्वास आत घेताना प्लीहेची कड स्वतःहून खाली येऊन बोटांना भेटते. सुरुवातच वर केली तर हात प्लीहेच्या पाठीवर पडतो, कड सापडत नाही आणि तीन बोटे उतरलेली प्लीहा ‘नाही’ ठरते. हे सगळे त्या मुलाला पाठ होते आणि नंतर विचारल्यावर त्याने मला ते बरोबर सांगितलेही. मार्च २०२० मध्ये तो तिसऱ्या वर्षाला होता. प्लीहा कशी तपासतात हे त्याने घरी बसून चित्रफितीत पाहिले होते, आणि दुर्दैवाने त्या चित्रफितींपैकी एक माझीच होती.

टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी लागू झाली. मुले त्याआधीच वसतिगृहे सोडून घरी गेली होती. काही दिवसांत आम्ही झूम आणि गूगल मीटवर शिकवू लागलो. माझे पहिले व्याख्यान मी स्वयंपाकघरातल्या पोह्यांच्या डब्याला फोन टेकवून दिले आणि समोर दीडशे काळे चौकोन होते. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे, तर व्याख्यानांचे फार नुकसान झाले असे मला वाटत नाही. वर्गातल्या मागच्या बाकांवर मुले साथीच्या आधीपासूनच पदव्युत्तर प्रवेशाच्या ॲपवरची व्याख्याने पाहत असत, आणि त्यांपैकी काही माझ्यापेक्षा चांगली असतात हे मी मान्य करतो.

नुकसान झाले ते दुसरीकडे. भारतीय वैद्यक परिषदेने ऑगस्ट २०१९ पासून नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला होता. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येते हे पाहायचे, हा त्याचा गाभा. प्रत्येक कौशल्यासमोर त्याने ते नुसते सांगावे, करून दाखवावे की स्वतंत्रपणे करावे, याची पायरी लिहिलेली आहे आणि विद्यार्थ्याच्या लॉगबुकमध्ये त्यावर शिक्षकाची सही लागते. हा अभ्यासक्रम सुरू होऊन आठ महिनेही झाले नव्हते तोच वॉर्ड बंद झाले. पुढे २५ सप्टेंबर २०२० रोजी परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि त्या आयोगाने महाविद्यालये १ डिसेंबरपर्यंत उघडावीत असे सांगितले. ती कागदावर उघडली. पण आमचे निम्मे वॉर्ड कोविडचे होते आणि वसंतात दुसरी लाट आली. या सगळ्या काळात लॉगबुके मात्र भरत राहिली. जे मुलांनी केलेले नव्हते त्यावर सह्या झाल्या, आणि त्यांत माझ्याही सह्या आहेत.

शिक्षण पडद्यावर नेल्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्या वेळी दुसरा मार्ग मलाही सुचला नसता. जे राहिले ते ‘राहिले’ असे आम्ही कुठेच लिहून ठेवले नाही, हे मला टोचते. त्या काळात शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि पालकांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे.

समुद्रकाठ यांचा प्रतिसाद

सर, मी २०१९ च्या तुकडीचा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच तुकडीचा. टाळेबंदी लागली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. विच्छेदनाच्या सभागृहात आमचे हात, पाय आणि छाती एवढे झाले होते. डोके आणि मान ही आम्ही संपूर्णपणे पडद्यावर शिकलो.

माझे गाव दापोली तालुक्यात आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले आणि आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारात आडव्या झाल्या. त्यानंतर कित्येक आठवडे गावात वीज नव्हती. फोन चार्ज करायला मी वडिलांच्या ओळखीच्या एका दुकानात जनरेटर चालू असेल तेव्हा जात असे आणि रेंजसाठी सडा, म्हणजे गावावरचे कातळाचे पठार, चढून वर जात असे. हजेरी लेखी विषयांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागते. त्या काळात माझी हजेरी जोडणीच्या मिनिटांवरून मोजली गेली. कारण कळवल्यावर शिक्षकांनी समजून घेतले, हेही सांगायला हवे. परंतु कारण कळवण्यासाठीसुद्धा सडा चढावा लागत होता.

मुद्द्याचे सांगतो. शरीररचनेच्या ॲपमध्ये धमन्या लाल असतात, शिरा निळ्या आणि चेतातंतू पिवळे. बोटाने मान फिरवावी, नको तो स्नायू पुसून टाकावा आणि खालचे पाहावे. मला मानेची रचना फार चांगली येत होती आणि त्या परीक्षेत माझे गुणही उत्तम होते. पुढे शस्त्रक्रिया विभागात थायरॉइडची शस्त्रक्रिया पाहायला उभा राहिलो तेव्हा सरांनी स्वरयंत्राकडे जाणारा चेतातंतू दाखवायला सांगितला. माझ्यासमोर ओले, गुलाबी-पांढरे, एकमेकांना चिकटलेले धागे होते आणि त्यांपैकी एकही पिवळा नव्हता. कोणता तंतू, कोणती लहान धमनी आणि कोणता नुसता पडदा, हे मला सांगता आले नाही. हा तंतू दुखावला तर रुग्णाचा आवाज जातो, हे मात्र मला तोंडपाठ होते.

काचपट्टी यांचा प्रतिसाद

मी विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकवते आणि माझा अनुभव काहीसा उलटा आहे, म्हणून लिहिते.

आमच्या प्रयोगशाळेत पूर्वी दाखवण्याच्या सूक्ष्मदर्शकाभोवती दहा-दहा मुलांचे टोळके उभे राहत असे. पुढचे दोघे पाहत, मागचे माना हलवत, आणि ‘दिसले का?’ असे विचारल्यावर सगळेच दिसल्याचे सांगत. पडद्यावर काचपट्टीचे चित्र टाकल्यावर प्रथमच दीडशे जणांनी एकच पेशी एकाच वेळी पाहिली. बाण कुठे आहे यावर वाद राहिला नाही. वर्गात कधीही हात वर न करणाऱ्या मुली लेखी चौकटीत प्रश्न विचारू लागल्या आणि त्यांतले काही प्रश्न इतके नेमके होते की मला पुस्तक पुन्हा उघडावे लागले. हे मी आजही सोडलेले नाही. शरीरक्रियाशास्त्रातील बेडकाचे प्रयोगही साथीच्या कितीतरी आधी संगणकावर गेले होते आणि त्याने कोणाचे काही अडले नाही. तेव्हा जे पडद्यावर गेले ते सगळेच उणे झाले, असे मानायला मी तयार नाही.

तुमच्या प्लीहेवरून आठवले ते मात्र सांगते. महाविद्यालय उघडल्यावर मी मुलांना हिवतापाच्या रक्ताची काचपट्टी दिली आणि जंतू शोधायला सांगितले. चित्रात दाखवला तर त्यांना तो क्षणात ओळखता येत होता. तेलाचा थेंब टाकून, भिंग खाली आणून, काचपट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने सरकवत तो स्वतः हुडकून काढणे मात्र पंधरा मिनिटांतही जमले नाही. दोघांनी भिंग काचपट्टीवर टेकवून ती फोडली. मी वर्षभर त्यांना जंतू दाखवला होता आणि शोधायचे काम दरवेळी मीच केले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

अर्धशिशी

काचपट्टी ताई, तुम्ही ‘दाखवणे’ आणि ‘शोधणे’ हे शब्द वापरून माझे लांबलेले लेखन दोन शब्दांत बसवले. समुद्रकाठ, तुमचा पिवळा तंतू मी आता वर्गात सांगणार आहे; नाव अर्थातच घेणार नाही.

दूरदेशी यांचा प्रतिसाद

मी मुंबईत शिकून गेली अनेक वर्षे ब्रिटनमध्ये काम करतो. इकडे काय झाले ते थोडक्यात लिहितो, कारण प्रत्येक देशाने या प्रश्नाचे उत्तर वेगळे काढले.

इटलीने मार्च २०२० मध्ये पदवीनंतरची राज्यपरीक्षाच रद्द केली आणि सुमारे दहा हजार नवे डॉक्टर काही महिने आधी कामाला मोकळे केले. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने १७ मार्च रोजी विद्यार्थ्यांना रुग्णांपासून दूर ठेवण्याची सूचना दिली. संरक्षक साधनांचा तुटवडा हे त्यामागचे एक मोठे कारण होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने शेवटच्या वर्षाची परीक्षा घरबसल्या, पुस्तक उघडे ठेवून घेतली. ब्रिटनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांना लवकर तात्पुरती नोंदणी देऊन, स्वेच्छेने, पगारी आणि देखरेखीखाली कामावर घेण्यात आले. अमेरिकेच्या परवाना परीक्षेत रुग्णाशी बोलून त्याला तपासून दाखवण्याचा जो भाग होता तो साथीत थांबवला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमचा बंद झाला. त्या परीक्षेवर खर्चाचे आणि उपयोगाचे आक्षेप आधीपासून होते हे खरे. तरीही जो एकमेव भाग पडद्यावर नेता येईना तोच परत आला नाही, याची मला गंमत वाटते.

एक अवांतर. लेनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात एका तरुणीच्या छातीला कान लावणे अवघड वाटल्यामुळे कागदाची गुंडाळी करून हृदय ऐकले, आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये अंतर घालणारे पहिले मोठे साधन हे डॉक्टरांचे मानचिन्ह बनलेले आहे. अंतर वाढले की शिक्षण बिघडते, हे सूत्र म्हणून मला पटत नाही. नळीतून ऐकणेसुद्धा शेवटी एका खऱ्या छातीवरच शिकावे लागते, इथपर्यंत मी धागाकर्त्यांबरोबर आहे.

रातपाळी यांचा प्रतिसाद

इटली आणि ब्रिटनचे वाचले. आपल्याकडचे मी लिहिते, कारण तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते.

मार्च २०२० मध्ये आम्हाला वॉर्डातून बाहेर काढले ते आमच्या सुरक्षिततेसाठी, आणि ते योग्यच होते. ३ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, केंद्र सरकारने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली. शेवटच्या वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देण्यासाठी आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी वापरता येईल असेही त्याच दिवशी जाहीर झाले. ज्या मुलांनी शिकण्यासाठी वॉर्डात येणे धोक्याचे होते, तीच मुले काम करण्यासाठी उपयोगाची ठरली. देशावर वेळच तशी होती, त्यामुळे मी तेव्हा कुरकुर केली नाही आणि आजही करत नाही.

मी फोनवर बसत असे. प्राणवायूची पातळी किती, सहा मिनिटे चालून आल्यावर किती, ताप कितवा दिवस, पोटावर पालथे झोपता येते का, एवढे विचारायचे आणि धोक्याचे वाटले तर वरिष्ठांना कळवायचे. एक दिवस एका बाईंनी सासऱ्यांची पातळी ९४ सांगितली. आकडा बरा होता, परंतु मागून येणारे त्यांचे बोलणे दर दोन शब्दांनी तुटत होते. मी त्यांनाच फोन द्यायला सांगितले आणि त्यांच्याकडून एक वाक्य पुरे होईना, तेव्हा वरिष्ठांना उठवले. संध्याकाळी त्यांना दाखल केले. ते कसे ओळखायचे हे मला कोणत्याही ऑनलाइन तासाने शिकवले नव्हते. साथीच्या आधी श्वसनाच्या वॉर्डात दम्याच्या रुग्णांजवळ जे थोडे आठवडे काढले होते, तेवढीच माझी शिदोरी होती.

भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्याच दिवशी आली. फोनवरून रुग्णाला कसे ऐकावे, हा विषय आम्हाला ऑनलाइन शिकवण्यासारखा अगदी नेमका होता. त्याऐवजी मूत्रपिंडाच्या विकारांची वर्गवारी तीन वेळा झाली.

शवागाराची किल्ली यांचा प्रतिसाद

शरीररचनाशास्त्रातून लिहितो. समुद्रकाठ यांच्या अनुभवाला एक दुसरी बाजू आहे, जिची चर्चा कमी झाली.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये मृतदेहांबाबत सूचना काढल्या. कोविडने गेलेल्यांच्या देहाचे रासायनिक जतन करू नये, असे त्यांत स्पष्ट होते. कोणता देह बाधित आहे याची खात्री नसल्यामुळे आमच्याकडे देहदान स्वीकारणेच थांबले. ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी अर्ज भरून ठेवले होते अशा वृद्धांची मुले फोन करीत असत आणि आम्हाला नकार द्यावा लागत असे. एका गृहस्थांनी ‘आईची शेवटची इच्छा होती’ एवढेच म्हणून फोन ठेवला. म्हणजे मुले परत आली तेव्हा सभागृह उघडले होते, परंतु टेबले भरलेली नव्हती. २०२० च्या तुकडीचे वर्ग तर १ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाले. त्यांच्या वाट्याला एका टेबलाभोवती पूर्वीपेक्षा बरीच जास्त मुले आली.

वरच्या मजल्यावर यांचा प्रतिसाद

मी डॉक्टर नाही, एका विद्यार्थ्याचा बाप आहे. मुलगा चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता. जानेवारी २०२० मध्ये हिवाळ्याच्या सुट्टीसाठी आला तो इथेच अडकला.

चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे आठचा तास आमच्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होई. विद्यापीठाच्या सगळ्या सूचना वीचॅटवर येत असत आणि २९ जून २०२० रोजी आपल्या सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत वीचॅटही होते. मग मधल्या मध्ये कोणाकोणाच्या ओळखीने सूचना मिळवणे सुरू झाले. शेवटची दोन वर्षे, ज्यांत मुख्यतः रुग्णालयात शिकायचे असते, त्याने आमच्या दोन खोल्यांच्या घरात काढली. त्याची पदवी मे २०२२ मध्ये आली.

पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२२ रोजी आयोगाला अशा मुलांसाठी योजना करण्यास सांगितले आणि आयोगाची योजना २८ जुलैला आली. ज्यांचा अभ्यासक्रम ३० जूनपर्यंत पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र होते त्यांनी पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी आणि मग एका वर्षाऐवजी दोन वर्षे इंटर्नशिप करावी, असे तिचे स्वरूप होते. मला ती शिक्षा वाटली. कर्ज डोक्यावर होते, मुलगा सव्वीस वर्षांचा झाला होता आणि त्याच्या बरोबरीची इथली मुले पुढे निघून चालली होती. मी बरीच चिडचिड केली. मुलगा मात्र शांत होता. पहिल्या महिन्यात त्याने मला सांगितले की, बाबा, मी आजवर एकाही माणसाची शीर शोधली नव्हती. आता तो एका ग्रामीण रुग्णालयात आहे आणि दुसऱ्या वर्षाबद्दल त्याची काही तक्रार नाही. माझी थोडी आहे.

अर्धशिशी

वरच्या मजल्यावर, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. आपल्या देशात ऑनलाइन शिक्षणातली तूट कोणी अधिकृतपणे मोजून, तिला वेळेचे परिमाण देऊन, भरून घेतली असेल तर ती तुमच्या मुलासारख्यांचीच. ती रीत सरसकट होती, तिच्यात अन्यायही झाला असेल आणि पैशाचा प्रश्न तर उघडच आहे. परंतु माझ्या समोर बसलेल्या, इथेच शिकलेल्या मुलांनीही वॉर्डाबाहेर महिनेच्या महिने काढले आणि त्यांच्या बाबतीत ‘एवढे राहिले आहे’ असे एक ओळीचे टिपण माझ्या पाहण्यात आले नाही. परदेशातून आलेल्याच्या घरातला पडदा आणि आमच्याकडच्या मुलाच्या घरातला पडदा यांत फरक काय होता, हे मला सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे की, आमच्या मुलांच्या लॉगबुकमध्ये माझी सही होती.

सरसकट वर्ष वाढवावे असे मी म्हणणार नाही. समुद्रकाठ यांची मान राहिली, काचपट्टी ताईंच्या मुलांचा जंतू राहिला, माझ्या इंटर्नची प्लीहा राहिली. प्रत्येकाचे वेगळे राहिले आहे. २०२२ नंतर मी माझ्या युनिटमध्ये एक साधी रीत सुरू केली. इंटर्न रुजू झाला की पहिल्या दिवशी मी त्याला लॉगबुक मिटून ठेवायला सांगतो आणि एका कोऱ्या कागदावर, जे स्वतःच्या हाताने कधीच केलेले नाही ते लिहायला सांगतो. त्याला गुण नाहीत आणि तो कागद कोणाकडे जात नाही. सुरुवातीला मुले दोन-तीन गोष्टी लिहून थांबत. एका मुलीने अकरा लिहिल्या, तेव्हापासून बाकीच्यांचेही कागद भरू लागले. रक्तदाब स्वतः मोजणे, मूत्रनलिका घालणे, छाती ठोकून पाणी ओळखणे, मानेतली शीर किती उंच भरली आहे ते पाहणे, नातेवाइकांना मृत्यूची बातमी सांगणे, अशा गोष्टी त्यांत असतात. शेवटची बहुतेक सगळ्यांच्या कागदावर असते. मग ज्या दिवशी वॉर्डात तसा रुग्ण असेल त्या दिवशी त्या मुलाला फोन जातो, मग तो कोणत्याही विभागात असो. इतर युनिटांचे प्रमुख यावर थोडे कुरकुरतात.

ज्याच्यापासून ही सुरुवात झाली त्या मुलाला मी त्याच आठवड्यात तीन वेळा बोलावले. तिसऱ्या वेळी त्याने उजवीकडून सुरुवात केली, रुग्णाच्या श्वासाबरोबर हात सरकवला आणि मध्येच थांबून ‘आली’ असे म्हणाला.

काचपट्टी

सर, या कागदाची कल्पना मी आमच्या विभागात घेऊन जात आहे. तुमच्या इंटर्नांना एकदा आमच्याकडेही पाठवा. हिवतापाची काचपट्टी आणि तेलाची बाटली तयार ठेवते. फुटणाऱ्या काचपट्ट्या धरून चाललेल्या आहेत.